तिमाहीला एक कण

मरीन ड्राइव्हची कमान डोळ्यांसमोर आणा. आता त्या कठड्याच्या ओळीवर, या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत, एक सलग भिंत उभी करा. भिंत किती उंच? एक गेट वे ऑफ इंडिया ठेवा, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. सहावं चढवायला घ्याल तेव्हा भिंतीचा सगळ्यात उंच माथा हाताला लागेल. रंग निळसर करडा, मधूनमधून पिवळे आणि काळे ओघळ. आणि हे सगळं समुद्रकाठी नव्हे, डोंगराच्या डोक्यावर, मुकुटासारखं.

फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, आल्प्सच्या दक्षिण टोकाला, गॅप नावाच्या गावाजवळ हा डोंगर खरोखर उभा आहे. नाव सेयूज. उंची २०१६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा ३७० मीटर जास्त. तो फरकसुद्धा गेट वेच्या मापात चौदा भरतो! दगड चुनखडीचा. जगभरचे प्रस्तरारोहक इथे येतात, खालच्या सिग्वाये गावाच्या बाजूला तंबू ठोकतात, पाऊण-एक तासाचा खडा चढ चढून कड्याच्या पायथ्याशी पोहोचतात आणि मान मोडेपर्यंत वर बघत बसतात.

आपण मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसू. या डोंगराची खरी मजा आकड्यांत आहे.

कड्याची लांबी साधारण तीन किलोमीटर. बारा डब्यांची मुंबई लोकल अडीचशे मीटरच्या आसपास भरते. म्हणजे बारा डब्यांच्या बारा लोकल एकापाठोपाठ एक लावल्या की कडा संपला. उंची कुठे तीस मीटर, कुठे दीडशे. सरासरी नव्वद धरू. तीन हजार गुणिले नव्वद, झाले दोन लाख सत्तर हजार चौरस मीटर. शेतकऱ्याच्या भाषेत सदुसष्ट एकर. सदुसष्ट एकरांचं रान, पण उभं केलेलं! बिल्डरच्या भाषेत एकोणतीस लाख चौरस फूट. मुंबईच्या बऱ्या वस्तीतला तीस हजारांचा भाव लावलात तर आठ हजार सातशे कोटी रुपये, वर पार्किंग वेगळं.

पण हा नुसता पृष्ठभाग झाला. आता आत शिरू.

चुनखडी हा दगड मुळात समुद्राच्या तळाशी साठलेला गाळ. सूक्ष्म जीवांची कवचं, त्यांचे तुकडे, त्यांची पूड, सगळं वरून खाली सावकाश झिरपत आलेलं. सेयूजचा कडा घडला तो ज्युरासिक काळ संपत आला तेव्हा, सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा इथे डोंगर कुठला, टेथिस नावाचा उबदार समुद्र होता. त्या कवचांचे कण काही मायक्रॉनचे. एक कण पाच मायक्रॉनचा धरा. असे चौदा कण शेजारी शेजारी मांडले की माणसाच्या एका केसाची जाडी होते.

आता सापशिडीचा एक छोटा फासा घ्या, सेंटिमीटरभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. त्या मापाचा चुनखडीचा तुकडा कल्पा. त्याच्या एका कडेवर पाच मायक्रॉनचे दोन हजार कण बसतात. दोन हजार गुणिले दोन हजार गुणिले दोन हजार. किती झाले? आठशे कोटी! पृथ्वीवर आज जेवढी माणसं आहेत तेवढे कण एका फाशात. तुमच्या-माझ्यासकट प्रत्येकाच्या नावाचा एक.

तो फासा खिशात टाका आणि कड्याकडे पुन्हा बघा. सगळा कडा नको, फक्त साल काढू. एक मीटर जाडीची साल, संत्र्याची काढावी तशी. दोन लाख सत्तर हजार घनमीटर दगड निघाला. आपल्याकडची गावची विहीर वीस फूट व्यासाची आणि चाळीस फूट खोल धरली तर अशा साडेसातशे विहिरी काठोकाठ बुजतील. एखाद्या तालुक्याची शेतं ओसाड करायला एवढं पुरे! आणि या सालीत कण किती? फाशांची संख्या सत्तावीस हजार कोटी, प्रत्येक फाशात आठशे कोटी. गुणाकार दोन कोटी कोटी कोटींच्या पुढे जातो. लहानपणी अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म करत परार्धापर्यंत पाठ केलं होतं ना? परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. ते इथे चिल्लर आहेत. आपल्याला लागतात एकवीस हजार सहाशे परार्ध.

मोजायला बसायचं? बसू. एकटादुकटा नको, सगळी मानवजात बसवू. आठशे कोटी माणसं, तान्ह्या बाळांपासून पणजीपर्यंत, सेकंदाला एक कण, रात्रंदिवस, चहाचीही सुट्टी नाही. मोजणी संपायला साडेआठ हजार वर्षं लागतील. आणि हे फक्त सालीचं. गराला हातच लावला नाही.

थोडा दम खाऊ, कारण आता वेळेचा हिशोब येतो आणि तो याहून अचाट आहे.

असा गाळ साठायचा वेग फार कमी असतो. हजार वर्षांत दोन सेंटिमीटर धरून चालू. म्हणजे वर्षाला वीस मायक्रॉन. म्हणजे वर्षाला चार कण. म्हणजे बँकेचं व्याज जमा व्हावं तसा तिमाहीला एक कण! तीन महिने थांबा, एक कण. आणखी तीन महिने, दुसरा. या वेगाने संयुक्त महाराष्ट्र झाल्यापासून आजवर जो थर साठेल तो सव्वा मिलिमीटरच्या आसपास, एखाद्या नाण्याएवढा. शिवराज्याभिषेकापासून आजवर सात मिलिमीटर. ज्ञानेश्वरी लिहून झाली त्या १२९० सालापासून मोजलं तरी दीड सेंटिमीटरच्या आतच. अजिंठ्याच्या पहिल्या छिन्नीपासून धरलं तर चार-साडेचार सेंटिमीटर, काडेपेटी पूर्ण उभी राहायची नाही एवढंच.

आता कड्याच्या अगदी जवळ या. नाक दगडाला लागेल इतके जवळ. सेयूजची ख्याती आहे ती दगडातल्या छोट्या छोट्या खोबणींसाठी. एक खोबण बघा: बोटाची दोन पेरं जेमतेम जातील एवढी, कडा गुळगुळीत, आत पांढरी पूड. आरोहक हाताचा घाम टिपला जावा म्हणून मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड चोळतात, ती अशी साठते. दगड कॅल्शियम कार्बोनेट, पूड मॅग्नेशियम कार्बोनेट, दोघं रसायनशास्त्रातले चुलतभाऊच. या खोबणीची खालची ओठाळी आणि वरची ओठाळी यांत अंतर दोन सेंटिमीटर. म्हणजे हजार वर्षं. तुमची बोटं खालच्या ओठाळीवर टेकली आणि नख वरच्या ओठाळीला घासलं, तर मधल्या फटीत अख्खी ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा, पानिपत आणि पेशवाई मावून वर जागा उरते.

हात वर करून मीटरभरावरची पकड धरलीत? पन्नास हजार वर्षं ओलांडलीत. माणूस म्हणून आपली जात पृथ्वीवर आहे सुमारे तीन लाख वर्षं, तिचा हिशोब सहा मीटरांत आटोपतो. सरासरी नव्वद मीटरच्या कड्याला पंचेचाळीस लाख वर्षं. आणि हे सगळं घडून, दाबून, दगड होऊन पडलं होतं तेव्हा आपला सह्याद्री जन्मालाही आला नव्हता. दख्खनचा लाव्हा वाहिला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास. त्या दिवशी सेयूजचा दगड जवळपास आठ कोटी वर्षांचा जख्ख म्हातारा होता.

मग समुद्रतळ डोंगरमाथ्यावर गेला कसा? आफ्रिकेकडचा भूखंड युरोपला ढकलत राहिला आणि गालिच्याला सुरकुत्या पडाव्यात तसे आल्प्स वर आले, एवढं आपण भूगर्भशास्त्रज्ञांच्या शब्दावर मानून घेऊ. आपल्याला वेगाशी मतलब. वर्षाला एक सेंटिमीटर ढकललं असं धरा. मुंबईहून पुण्याला असं ढकलत जायचं तर दीड कोटी वर्षं. टोल मात्र एकदाच भरावा लागेल, ही त्यातल्या त्यात सोय.

वेगावरून आठवलं, माणसंही या कड्यावर काही घाईने चढलेली नाहीत. १९८० च्या दशकात पात्रिक एदलँजेसारख्या फ्रेंच आरोहकांनी सेयूजला नाव मिळवून दिलं. १९८९ मध्ये जाँ-क्रिस्तोफ लाफाय या आरोहकाने इथल्या एका फुगीर, पुढे झुकलेल्या भागावर वरपासून खालपर्यंत दोर अडकवायचे बोल्ट मारले. मार्गाचं नाव ‘बिओग्राफी’. लांबी सुमारे पस्तीस मीटर, अकरा-बारा मजल्यांची इमारत. बोल्ट तयार, कडा तयार, चढणारा मात्र कोणी नाही. १९९६ मध्ये आर्नो पेती अर्ध्यापर्यंत पोहोचला. वरचा अर्धा भाग तसाच लटकत राहिला. अखेर १८ जुलै २००१ रोजी ख्रिस शर्मा सलग, न पडता, वर पोहोचला. शर्मा म्हणून लगेच कानपूर-लखनौ शोधू नका. पोरगा कॅलिफोर्नियाचा. आई-वडील बाबा हरिदासांचे शिष्य, लग्न करताना दोघांनी हे आडनाव घेतलं.

आता मांडा हिशोब. बोल्ट मारल्यापासून वर पोहोचेपर्यंत बारा वर्षं, अंतर पस्तीस मीटर. वर्षाला तीन मीटरही नाहीत. दिवसाला आठ मिलिमीटर! परसातला कारल्याचा वेल याच्यापेक्षा भराभर चढतो. या वेगाने मुंबईहून पुण्याला निघालात तर पोहोचायला एक्कावन्न हजार वर्षं लागतील. शर्माच्या त्या चढाईला ‘९ए प्लस’ अशी काठिण्याची श्रेणी मिळाली आणि त्या श्रेणीचा सर्वमान्य झालेला तो जगातला पहिला मार्ग ठरला. पहिली स्त्री इथे वर पोहोचली ती २०१७ मध्ये, अमेरिकेची मार्गो हेस. शर्मानंतर सोळा वर्षांनी.

शेजारीच आणखी एक मार्ग आहे, ‘बिब्लिओग्राफी’. तोही साधारण पस्तीस मीटर. जर्मनीचा अलेक्स मेगोस त्यावर तीन वर्षांत मिळून सुमारे साठ दिवस लोंबकळला आणि ५ ऑगस्ट २०२० ला वर गेला. साठ दिवसांत पस्तीस मीटर, दिवसाला दोन फूटसुद्धा नाही. त्याने श्रेणी सुचवली ‘९सी’, म्हणजे तेव्हाची जगातली सर्वोच्च. पुढच्याच वर्षी इटलीचा स्तेफानो गिसोल्फी तोच मार्ग चढला आणि म्हणाला, नाही, ही ‘९बी प्लस’. मेगोसनेही ते मान्य केलं. साठ दिवसांची मेहनत, एका पायरीने खाली, आणि तक्रार नाही. आपल्याकडे दहावीच्या फेरतपासणीत एक गुण गेला तर काय होतं ते आठवा.

या माणसांच्या बोटांवर भार किती येत असेल? साठ किलोचा आरोहक क्षणभर एका हातावर आला, तेही दोन बोटांच्या शेवटच्या पेरांवर. दगडाला टेकलेली कातडी चार चौरस सेंटिमीटर धरा. एका चौरस सेंटिमीटरवर पंधरा किलो. तुमच्या गाडीच्या चाकात पंपवाला ‘बत्तीस’ हवा भरतो ना? हा दाब त्याच मापात दोनशे दहाच्या वर जातो. पंपावर जाऊन ‘भाऊ, दोनशे दहा भर’ असं सांगून बघा, तो आधी तुमच्या तोंडाचा वास घेईल.

आणि पडला तर? तर करंगळीएवढ्या जाडीच्या बोल्टवर भिस्त. या बोल्टना आडव्या ताणात पंचवीस किलोन्यूटन पेलता आले पाहिजेत असा युरोपातला दंडक आहे. साध्या भाषेत अडीच टन. पन्नास किलोच्या सिमेंटच्या एक्कावन्न गोण्या त्या करंगळीवर टांगा, ती हलता कामा नये. दोराची परीक्षा तर आणखी निर्दय. ऐंशी किलोचं वजन बांधून जोरकस झटक्याने पाडतात, एकदा नव्हे, निदान पाच वेळा, आणि दोर तुटायचा नाही. सेयूजला हे सगळं कामी येतं, कारण इथले जुने बोल्ट एकमेकांपासून चांगलेच लांब लांब आहेत. पायाखाली शेवटचा बोल्ट तीन मीटरवर राहिला असेल तर पडणारा सहा मीटर आणि वर दोराचा ताण, इतका खाली जातो. दोन मजले! काळाच्या मापात तीन लाख वर्षं, म्हणजे अख्खी मानवजात, एका किंकाळीत.

या डोंगराला दुसरी बाजूही आहे, बर्फाची. १९३० च्या दशकापासून इथे लोक स्कीइंगला यायचे. केंद्राचं नाव ‘सेयूज २०००’. बर्फाचा हिशोब विहिरींतच करू. अडीच एकर उतारावर मीटरभर जाडीचं दाबलेलं बर्फ म्हणजे तीस लाख लिटर पाणी. साडेआठ विहिरी, किंवा दहा हजार लिटरचे तीनशे टँकर. पन्नास हेक्टर उतार धरा, पंधरा हजार टँकर. मराठवाड्यातल्या वाचकाला हा आकडा मेच्या महिन्यात वाचू देऊ नका. हे सगळं आकाशातून फुकट, फक्त थंडी हवी.

आणि थंडी उंचीने मिळते. साधारण दीडशे मीटर वर चढलं की एक अंश गार. मुंबईत घामाघूम झालेला माणूस महाबळेश्वरला स्वेटर विकत घेतो तो याच हिशोबाने. पण हिशोब उलटाही चालतो. हवा एक अंशाने तापली की बर्फाची रेघ दीडशे मीटर वर सरकते. दीडशे मीटर, म्हणजे सेयूजच्या कड्याच्या सर्वांत उंच भागाएवढी! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्स सुमारे दोन अंशांनी तापले. दोन कडे वर. उतार सुरू होतात पंधराशे मीटरच्या आसपास, डोंगर संपतो दोन हजारांवर. पाचशेतले तीनशे गेले. उरलेल्या दोनशे मीटरांवर केंद्र कसं चालवणार? २०१८ मध्ये ‘सेयूज २०००’ कायमचं बंद पडलं. फ्रान्सभर अशी दीडशेहून अधिक ठिकाणं मिटली आहेत. तिमाहीला एक कण टाकत पंचेचाळीस लाख वर्षं टिकलेला समुद्र कुठे आणि पंच्याऐंशी-एक वर्षांत आटोपलेलं हे स्कीइंग कुठे!

शेवटचा हिशोब राहिला, रुपयांचा. घाबरू नका, सेयूजला कोणी सुरुंग लावत नाहीये, आपण कागदावरच फोडू. ती मघाशी सोललेली एक मीटरची साल आठवते? वजन करा. सात लाख टन! मालगाडीत भरू. अठ्ठावन्न वाघिणींची गाडी साडेतीन हजार टन नेते. दोनशे मालगाड्या लागतील. एकेक गाडी इंजिनासकट साडेसहाशे मीटर. दोनशे गाड्या एकापाठोपाठ एक उभ्या केल्या तर एकशे तीस किलोमीटर. शेवटच्या गाडीची शेवटची वाघीण सीएसएमटीच्या फलाटावर आणि पहिलं इंजिन लोणावळ्याला, चिक्कीच्या दुकानांसमोर! पुण्यापर्यंत रांग न्यायची असेल तर साल आणखी अर्धा मीटर जाड काढा.

चुनखडीचं सिमेंट होतं हे चंद्रपूरकरांना सांगायला नको, त्यांच्याकडचा दगड तर अब्जभर वर्षांच्या घरातला, सेयूज त्यापुढे शेंबडं पोर. टनभर सिमेंटला साधारण दीड टन चुनखडी लागते. सात लाख टनांचं पावणेपाच लाख टनांच्या जवळपास सिमेंट. पन्नास किलोच्या त्र्याण्णव लाखांहून जास्त गोण्या. गोणी चारशे रुपये धरा, पावणेचारशे कोटी रुपये.

आणि भारतात वर्षाला चाळीस कोटी टनांहून अधिक सिमेंट बनतं. चाळीस कोटींना वर्षाच्या तासांनी भागा. तासाला पंचेचाळीस हजार टन. पावणेपाच लाख टनांना किती वेळ? दहा तास! सकाळी आठला भट्ट्या पेटवल्या की संध्याकाळी सहाला साल संपली. पंचेचाळीस लाख वर्षांचे थर दहा तासांत. तासाला साडेचार लाख वर्षं. मिनिटाला साडेसात हजार. सेकंदाला सव्वाशे! ज्ञानेश्वरीपासून आजपर्यंतचा काळ सहा सेकंदांत गोणीत. आणि वरून खाली याच वेगाने कडा उतरवत आलो, तर बारा वर्षं ज्याने जगाला खाली पाडलं, तो बिओग्राफीचा पस्तीस मीटरचा मार्ग संपायला चार तासही लागायचे नाहीत, कामगारांची जेवणाची सुट्टी सोडून.